एका फुलाची बोली

सकाळी आमच्या घरातला पहिला आवाज मायचा असायचा, आणि तो आमच्यापैकी कुणासाठीच नसायचा. परसाचं दार कुरकुरायचं, बादलीची कडी वाजायची आणि मग माय जास्वंदीला विचारायची, "उठलीस का गं?" आम्हा लेकरांच्या वाट्याला नुसतं "उठा" यायचं, तेही पांघरूण ओढून. मी गोधडीत पडल्यापडल्या ऐकायची आणि त्या झुडपावर जळायची. मग अप्पांचं खाकरणं, दुकानाच्या फळ्या काढल्याचा खडखडाट, आणि शेवटी मोठ्या आत्याचा पूजेला बसतानाचा उसासा. तो इतका दमदार असायचा की पत्र्यावरची कबुतरं उडायची. त्यानंतर घरात बोलणं बंद. आम्ही लिंगायत, प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. ज्यानं ते तळहातावर घेऊन पूजा मांडली त्याला हाक मारायची नाही, त्याच्यापुढून जायचं नाही, घराला आग लागली तरी आधी पूजा उरकू द्यायची, असा आत्याचा कायदा होता. गणिताचा अभ्यास निघाला की मला एकदम भक्ती सुचायची ती उगाच नाही.

सोनपेठच्या बाजारपेठेतलं घर ते. पुढं अप्पांचं भुसार दुकान, मधे आम्ही, मागं परस. तूर, हरभरा, ज्वारीची पोती आणि त्यांची धूळ. शाळेत माझ्या दप्तराला सुतळीचा वास यायचा. जेवायला ज्वारीची भाकरी आणि हंगामात अंबाडीची भाजी, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. अंबाडी, भेंडी, शेतातली कापसाची पराटी आणि परसातली जास्वंद ही सगळी एकाच घराण्यातली, हे मला फार पुढं वाचून कळलं. म्हणजे आमचा परभणी जिल्हा एकाच कुळाच्या जिवावर जेवतो, नेसतो आणि देवालाही वाहतो. आज माझ्या परसात पाय ठेवायला जागा नाही इतक्या जास्वंदी आहेत. लोक फोन करतात, फोटो पाठवतात, "ताई, कळ्या येतात आणि गळतात, काय घालू?" मी सांगते, काही घालू नका, आधी मातीत बोट घाला. मग ते नाराज होतात. माणसाला उपाय हवा असतो तो काहीतरी ओतण्याचाच.

मायची जास्वंद चारठाण्याची. तिथल्या जुन्या देवळाच्या वाटेवर मायचं माहेर, आणि माहेरच्या दारात पांढरी जास्वंद, घशात कुंकवाचं बोट लागल्यासारखी लाल. लग्नानंतर सासरी येताना मायनं तिची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईनं म्हणे विचारलं, "लेकरू हाय का?" माय म्हणाली, "व्हय." पुढं माझ्या मामानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, दारात फरशी टाकली. माय बघून आली. "घर लय झ्याक बांधलंय दादानं," एवढंच बोलली, आणि लुगडं न बदलता परसात जाऊन बसली. त्या दिवशी तिनं जास्वंदीला काही विचारलं नाही. चारठाण्याची ती जास्वंद आता जगात फक्त आमच्या परसात उरली होती.

आणि तीच रुसली. पावसाळ्याच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली. कळी यायची, चांगली करंगळीएवढी फुगायची, आता उद्या उमलणार म्हणून माय रात्री मला सांगायची, आणि सकाळी ती कळी खाली. माय झाडताना कळ्या वेगळ्या करायची, हातात घ्यायची, मग केरात न टाकता तिथंच बुंध्याशी ठेवायची. आत्यानं निदान केलं, "नजर लागली." लिंबू-मिरची बांधली. अप्पांनी केलं, "वय झालं." आणि अप्पांचं निदान महागात पडणार होतं, कारण त्यांना त्या जागेवर कोठी बांधायची होती.

हे त्यांनी दिवाळीच्या आसपास जेवताना जाहीर केलं. अप्पा वाईट नव्हते. पण माणसाच्या छातीत काळीज असतं तिथं त्यांच्या छातीत तराजू होता, आणि तो प्रामाणिक होता. "हरभऱ्याचा माल यायच्या आत कोठी पायजे. मागची भिंत ठेट कुंपणाला भिडवायची. ते झुडूप तसं बी वाळायलंय."

मी मायकडं पाहिलं. ती अप्पांना भाकरी वाढत होती. हात थांबला नाही. "जाऊ दे की," म्हणाली, "झाडच हाय." आणि मग ती स्वतःची भाकरी न खाता उठली. अप्पांना ते दिसलं नाही, मला दिसलं. मी तेव्हा नववीत होते, अंगानं काडी आणि तोंडानं तोफ.

"अप्पा, फूल आलं तर?"

"आलं तर बघू."

"बघू न्हाई. बोली करा."

अप्पांच्या दुकानात मालाची बोली उपरण्याखाली व्हायची. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, बाहेर चेहरे मात्र कीर्तनाला बसल्यासारखे. एकदा बोट सुटलं की शब्द फिरवायचा नाही. मी ताटावरून उठून उष्ट्या हातानं त्यांच्या उपरण्याखाली हात घातला. आत्या ओरडली, "अगं सटवे, पोरीच्या जातीनं सौदा करायलीस?" अप्पांना मात्र हसू दाबता येईना. सौदा समोर आला की त्यांना नाही म्हणवायचं नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कापडाखाली एकच बोट माझ्या मुठीत दिलं. एक फूल.

"कवापत्तुर?" त्यांनी विचारलं.

"शिवरात्रीपत्तुर."

"शिवरात्रीला गवंडी बोलवतो. फूल दिसलं तर झाड ऱ्हाईल. न्हाई दिसलं तर पाया खांदायचा. पुन्हा रडायचं न्हाई."

"रडंल कोन?" मी म्हणाले. आणि परसात जाऊन रडले, पण ते बोलीत नव्हतं.

आता बोली तर केली, पण फुलवायचं कसं याचा मला काडीचाही पत्ता नव्हता. तो लागला दुकानात. एक शेतकरी अप्पांपाशी कपाळाला हात लावून बसला होता. "खालच्या पट्टीत पाणी लागलं अप्पा. पराटी पिवळी पडली, पातेगळ झाली सगळी." पातं म्हणजे कापसाची कळी, आणि पाणी लागणं म्हणजे ते मुळाशी साचून राहणं. मी सुतळी गुंडाळत होते, ती हातातच राहिली. पानं पिवळी, कळ्या खाली. हे तर आमच्याच घरातलं दुखणं! पण पाणी लागायचं कसं? पाऊस कधीचा थांबला होता, आणि झाडाला पाणी घालायचं काम माझं. मी रोज एक तांब्या घालायची, तोही आठवला तर. मी परसात जाऊन बुंध्याशी बोट खुपसलं. काळी माती, थेट दुसऱ्या पेरापर्यंत लोण्यासारखी ओली, आणि तिला आंबल्याचा वास.

दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखलं. फार सुंदर दुखलं. मी कण्हण्यात तीन-चार वेगवेगळे सूर लावले, ओव्याचा फक्का गिळला, शाळा बुडवली आणि सगळ्यांचा डोळा चुकवून परसातल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शिरून बसले. पडदा उघडला.

पहिला प्रवेश आत्याचा. पूजेचं पाणी तांब्यात घेऊन, भस्म विसळून राखी रंगाचं झालेलं. ते पाणी नालीत जाऊ द्यायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, म्हणून ते झाडाला. आणि झाड परसात एकच. मग अप्पा, आपल्या पूजेचं पाणी घेऊन, इकडंतिकडं बघत. ज्या झाडावर कुदळ चालवायची त्याला चोरून पाणी घालणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. मग माय, तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन, कारण त्यानं कळ्या येतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. थोड्या वेळानं डाळीचं. मग भिंतीवरून एक बांगड्यांचा हात आला, त्यात माठातलं कालचं पाणी. शेजारच्या खाला. "पी ले गे माँ, कैसी सूक गई बिचारी," म्हणत त्यांनी अख्खा माठ उपडा केला. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे झाडाला विसरलेत. मी पोत्यात तोंड दाबून हसत होते, पण पोटात खरंच काहीतरी दुखायला लागलं होतं. झाडाला नजर लागली नव्हती. त्याला आमचा सगळ्यांचा जीव लागला होता, आणि तो त्याच्या गळ्यापर्यंत आला होता.

माय, अप्पा आणि खाला यांना समजावणं सोपं होतं. अप्पांनी तर कानावर हात ठेवले, "मी कुठं घालायलोय पाणी?" पण आत्या! पूजेच्या पाण्यानं झाड मरतंय असं म्हणायची माझ्या बापाची हिंमत नव्हती. मी एकदा नुसतं तोंड उघडून पाहिलं.

"आत्या, त्या पाण्यानं मुळ्या कुजायल्यात."

"पूजेच्या पाण्यानं?" आत्या चुलीपुढून उभी राहिली. "जीभ झडंल! ज्या पाण्यानं माणूस तरतंय त्यानं झाड मरतंय व्हय? लय शिकलीस!"

दोन दिवस माझ्या भाकरीवर तेल आलं नाही. पण हट्टाच्या बाबतीत मी आत्याचीच भाची होते. मी त्या पाण्याचा माग काढला. माती इतकी तुडुंब झाली होती की वरचं पाणी आत जातच नव्हतं. बुंध्यावरून ओघळून, परसाच्या उतारानं थेट न्हाणीच्या वाटेवर येत होतं, जिथून सगळं घर ये-जा करायचं. तिसऱ्या दिवशी आत्यानं पाणी ओतलं आणि मी तिचा पदर धरला.

"आत्या, हलू नका. खाली बघा."

राखी रंगाचा एक ओघळ सावकाश सरपटत वाटेवर आला. त्याच क्षणी अप्पा न्हाणीतून निघाले, आणि त्यांचा ओला पाय बरोब्बर त्यावर पडला. ही वेळ मी साधली नव्हती, असं मी आजही सांगते आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

आत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "अरे शंकर, पाय उचल! उचल पाय!"

अप्पा बगळ्यासारखे एका पायावर उभे. "काय झालं अक्का? विंचू हाय का?"

"माझ्या पूजेच्या पाण्यावर हुबा हाईस मेल्या! आन् रोज ऱ्हायलेला असशील!"

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. आत्यानं फर्मान काढलं: जास्वंदीला कुणी थेंबभर पाणी घालायचं नाही. पूजेचं पाणी कुठं टाकायचं? त्याची तजवीज माझ्याकडे होती. गोदाकाठच्या मळ्यातून मी केळीचा मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाला फुटलेलं पिल्लू, आणून ठेवला होता. तो परसाच्या वरच्या कोपऱ्यात, कुणाचा पाय जात नाही तिथं, आळं करून लावला. केळीला पाजाल तेवढं थोडंच. आत्याचं पाणी, अप्पांचं पाणी, मायचं तांदळाचं पाणी, सगळं ती गटागट प्यायली आणि मारवाड्याच्या सुनेसारखी ठसठशीत झाली.

जास्वंदीचं काम मात्र मी स्वतःच्या हातानं केलं. अप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले की मी त्यांचा अडकित्ता पळवायची. बुंध्याभोवतीची चिकट काळी माती कोरून काढली. आतल्या मुळ्या तपकिरी, बोटांत धरल्या की साल निसटून हातात यायची. त्या कापल्या, पांढऱ्या तेवढ्या राखल्या. खड्ड्यात नदीची रेती, मुरूम, जुनं शेणखत भरून बुंधा वीतभर उंच केला, म्हणजे पाणी थांबणार नाही. आणि मग वरचं निम्मं झाड छाटलं, कारण उरलेल्या मुळ्यांना तेवढं ओझं झेपणार नव्हतं. हे ज्ञान कुठून आलं म्हणाल तर आत्या आजाऱ्याला लंघन घालायची, त्यातून. माय दारात उभी होती. चारठाण्याच्या फांद्या तिच्यापुढं पडत होत्या. शेवटी येऊन तिनं त्या कापलेल्या फांद्यांतली एक उचलली आणि आत नेली.

मग उरल्या काड्या. नुसत्या काड्या. अप्पा रोज पुढून जाताना उपरणं सारखं करायचे, म्हणजे बोलीची आठवण. मी रोज मातीत बोट घालायची, कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर नाही. तहानलेल्या दिसणाऱ्या झाडाला पाणी न घालणं हे किती कठीण असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. संक्रांतीनंतर काडीला हिरवी टाचणी टोचल्यासारखा कोंब आला. मी अशी ओरडले की खालांनी भिंतीवरून डोकं काढलं. कोंबापाठोपाठ आला पिठ्या, कापसाचे बोळे चिकटवल्यासारखी ती पांढरी कीड. मी साबणाचं पाणी केलं. आत्या म्हणाली, जीवहत्या होते. संध्याकाळी पाहते तर आत्याच फडक्यानं एकेक फांदी पुसतेय. "मारत न्हाई," माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "अंघोळ घालायलेय. पुढं त्यांचं नशीब."

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी फांदीच्या टोकाला एक कळी होती. एकच. शिवरात्रीच्या सकाळी मी आणि माय उजाडताच परसात गेलो. कळी टम्म फुगलेली, टोकाशी पांढरी, पण मिटलेली. जास्वंद सकाळी उमलते. सकाळी उमलली नाही तर दिवसभर उमलत नाही. तिला उद्या उमलायचं होतं.

रज्जाकमामा गवंडी थाप्या, ओळंबा आणि सुतळी घेऊन हजर. "अप्पा, चांगला दिवस निवडला. कुठून घ्यायचा पाया?" अप्पांनी कळीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं. "नंदे, ही कळी हाय. बोली फुलाची होती." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण तराजू तो तराजू. रज्जाकमामांनी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढली. ती बरोबर बुंध्यावरून गेली. कामगारानं कुदळ उचलली.

तेवढ्यात माय पाट घेऊन आली. अंघोळ केलेली, ओले केस मोकळे, हातात पूजेचं तबक. तिनं पाट फक्कीच्या रेघेवर ठेवला, जास्वंदीला पाठ लावून बसली, कपाळाला भस्म ओढलं, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.

कुदळ हवेतच राहिली. अप्पा पुढं झाले आणि जागीच थांबले. पूजेला बसलेल्याला हाक मारायची नाही. त्याच्यापुढून जायचं नाही. घराला आग लागली तरी.

रज्जाकमामांनी चहा घेतला. नंतर रताळी खाल्ली. ऊन डोक्यावर आलं, माय हलली नाही. तिची सकाळची पूजा एरवी भाकरी थापण्याआधी उरकायची. अप्पा आत्याच्या कानाशी लागले, "अक्का, किती येळ बसनार हाय ही?"

"देवाला इचार," आत्या म्हणाली, आणि चटई आणून मायच्या शेजारी स्वतःच पूजेला बसली. रेघेवरच.

दिवस असा गेला. दिवेलागणीला रज्जाकमामांनी थाप्या गोळा केल्या. अप्पा म्हणाले, "शिवरात्र झाली. उद्या सकाळी या." तेव्हा आत्यानं डोळे उघडले. "झाली कशी? उपास सुटला का तुझा? सकाळी पारणं फिटल्याबिगर शिवरात्र सरती व्हय रे? ह्या घरात आजवर सरलीया?" अप्पांच्या पोटात तेव्हा नुसती भगर होती. वाद घालायला त्यांच्यात त्राणच नव्हतं.

सकाळी माय माझ्याही आधी परसात होती. मी धावत गेले. तिनं जास्वंदीला काही विचारलं नव्हतं, नुसती उभी होती. फूल उघडलं होतं. फार मोठं नव्हतं, एक पाकळी कडेला जरा दुमडलेली, पण पांढरं, आणि घशात कुंकवाचं बोट. आत्या आली, खाला भिंतीवर आल्या, अप्पा आले. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग उपवास न सोडताच गेले आणि फक्कीची रेघ पायानं पुसायला लागले.

"अप्पा, भिंत वाकडी येईल," थाप्या घेऊन आलेले रज्जाकमामा म्हणाले.

"येऊ द्या."

त्यांनी झाडाला वळसा घालून नवी रेघ काढायला सांगितली. रज्जाकमामांनी सुतळी धरली. आणि तेव्हा माय बोलली, परक्या माणसासमोर, अप्पांच्या देखत, मी तिला त्या आवाजात कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"रज्जाकभाऊ, अजून हातभर मागं घ्या. झाड वाढनार हाय."

अप्पा चमकले. हातभर म्हणजे पोत्यांची एक अख्खी थप्पी. मग त्यांनी सवयीनं उपरणं पुढं केलं आणि त्याखाली हात धरला, बोलीसाठी. माय त्या उपरण्याकडं बघत राहिली. तिनं हात पुढं केला नाही.

"बोली न्हाई," ती म्हणाली. "हातभर."

रज्जाकमामांनी अप्पांकडं न बघताच सुतळी उचलली आणि हातभर मागं नेली.